समोरच्या डोंगरावरचे गृहस्थ

तीर्थरूप वन्सं यांच्या पायांशी,

उभ्यानेच नमस्कार. साष्टांग घालायला अंगाएवढी सपाट जागा लागते, आणि ती ह्या जिल्ह्यात सरकारलाही अजून सापडलेली नाही. मी घातलाच, तर घरंगळत खालच्या आळीतल्या शिंप्याच्या दुकानात पोहोचेन आणि तो आल्यासारखं माझं माप घेईल. तेव्हा भावना पोहोचली असं समजावं. तुमचे गुडघे कसे आहेत? डावा जास्त दुखतो की उजवा, हे तुम्ही दर वेळी बदलून लिहिता, त्यामुळे काळजी नक्की कुठल्या गुडघ्याची करावी हे कळत नाही. सध्या मी दोन्हींची थोडी थोडी करते. शेकायची रबरी पिशवी गळत होती, ती बदललीत ना? माझं इकडे उत्तम चाललं आहे. खोकला गेला. थंडी आहे, पण मी मोज्यांवर मोजे घालते. (वरचे मोजे ह्यांचे. तुमच्या भावाचे पाय केवढे होते ते तुम्हाला सांगायला नको. त्यांची टाच माझ्या घोट्याच्या वर येते. पण ऊब चांगली आहे.) एकटं वाटतं का, असं तुम्ही विचारलं होतंत. मुळीच नाही. वाटायला वेळ तर हवा.

जिल्हा कसा आहे म्हणाल, तर कुणीतरी कागद रागाने चुरगाळून टाकावा आणि मग दुसऱ्या कुणीतरी त्यावर माणसं वसवावीत, तसा आहे. मधून नदी जाते, पण ती इतकी खाली आहे की दिसते कमी आणि ऐकू जास्त येते. नदीच्या ह्या बाजूला आमचा डोंगर, त्या बाजूला समोरचा डोंगर. सकाळी ऊन समोरच्यांना मिळतं, दुपारनंतर आम्हाला. एवढ्यावरून दोन्ही डोंगरांचं एकमेकांविषयी पक्कं मत झालेलं आहे. ते आम्हाला झोपाळू समजतात आणि आमचे लोक त्यांना दिवेलागणीलाच पेंगणारे म्हणतात. इथे उजवं-डावं कुणी सांगत नाही, नुसतं वर आणि खाली. पोस्ट कुठे आहे? वर. दवाखाना? खाली. आमचं ऑफिस कुठे, असं पहिल्या दिवशी विचारलं तर एक आजोबा बराच विचार करून म्हणाले, आधी खाली आणि मग पस्तावून वर. घरंसुद्धा वरून खाली बांधतात. म्हणजे रस्त्यावरून दार उघडून आत गेलं की तो सगळ्यात वरचा मजला, आणि बाकीचं घर त्याच्या पायाखाली लोंबत असतं. त्या वरच्या मजल्यावर मी राहते. घरमालकीणबाई माझ्या खाली, त्यांच्या कोंबड्या त्यांच्या खाली, आणि कोंबड्यांच्या खाली दुसऱ्याचं छप्पर. माझ्या खोल्या दोन. पुढची रस्त्याकडे, मागची दरीकडे. मागच्या खोलीला सज्जा आहे. त्याच्या खाली थेट दरी, म्हणून मी एक हात दाराच्या कडीत अडकवूनच उभी राहते. ढग सरळ घरात येतात. वाळत घातलेला टॉवेल आठवडाभर तसाच ओला असतो, आणि मग एक दिवस ऊन पडलं की वारा तो घेऊन जातो.

माणसं वाईट नाहीत, वन्सं. पण त्यांच्या बोलण्याची तऱ्हा समजून घ्यायला मला फार दिवस लागले. समोरासमोर आली की ती गप्प. मान हलवतात, चढ चढायला लागतात. मला वाटायचं माझं काही चुकलं. मग एकदा पाहिलं, की तीच गप्प माणसं एकमेकांपासून लांब गेली, एक वरच्या वळणावर आणि एक खालच्या, की त्यांना कंठ फुटतो. मग आजारपणं, भांडणं, लग्नाची बोलणी, सगळं ह्या वळणावरून त्या वळणावर. शेजारची बाई आपल्या बहिणीशी रोज दरीवरून गप्पा मारते. भेटायला गेली की दोघी चहा पिऊन मुकाट बसतात म्हणे. इथे ओळख लांबून होते. माझी पंचाईत अशी, की मला लांब कुणी नव्हतंच. जे होते ते सगळे जवळचे, म्हणजे चढावर मान हलवणारे.

त्यात माझी नोकरी. गाडी चालवायची परीक्षा घेणारी बाई कुणाच्या गळ्यातला ताईत होणार? ह्यांच्यामागे त्या घरात पाऊल टाकवेना म्हणून बदली मीच मागून घेतली, तेव्हा साहेबांनी विचारलं होतं, डोंगरात चालेल का? मी म्हटलं, कुठेही चालेल. हे कुठेही म्हणजे इथे. ह्या जिल्ह्यात गाडी चालवणारा प्रत्येकजण जन्मल्यापासून वळणं घेतो आहे, पण परीक्षेचे नियम सपाटीवर बसून कुणीतरी लिहिलेले. सपाट म्हणावं असं एकच ठिकाण आहे, शाळेचं मैदान. तिथे मी फुटबॉलच्या दोन गोलपोस्टांच्या मध्ये लोकांना आठचा आकडा काढायला लावते. माणूस सहज काढतो. मग मी म्हणते, आता रिव्हर्स. तिथे सगळे संपतात. कारण इथे मागे जाण्याचा प्रसंगच येत नाही. मागे म्हणजे दरी. मला गावात काय म्हणतात ते घरमालकीणबाईंनीच सांगितलं. नापासबाई. (हे नाव वाईट नाही. आधीच्या साहेबांना जे म्हणायचे ते मी तुम्हाला लिहू शकत नाही.) सगळ्यात जास्त वेळा नापास झालेला म्हणजे आमचा बेकरीवाला. पाव घेऊन रोज समोरच्या डोंगरावर जातो, शेजारी परवानेवाला मेहुणा बसवून. मेहुणा झोपलेला असतो, पण नियमात तो जागा असला पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. बेकरीवाला दर वेळी नापास झाला की मला अदबीने सलाम करतो आणि दुसऱ्या दिवशी मला सगळ्यात करपलेला पाव देतो.

आता मुख्य गोष्टीकडे येते. गावभर झालीच आहे, तेव्हा तुमच्यापर्यंत वेडीवाकडी पोहोचण्याआधी माझ्याकडून ऐका. एका सकाळी मी सज्जात ब्रश करत होते. समोरच्या डोंगरावर ऊन पडलेलं, आणि त्या उन्हात एका निळ्या दाराच्या घरासमोर पांढरा बनियन घातलेले एक गृहस्थ उभे राहून हात हलवत होते. आधी एक हात, मग दुसरा, मग दोन्ही. मी मागे वळून पाहिलं. माझ्या मागे अर्थातच भिंत होती. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी हात वर केला. (कडीतला नाही, दुसरा.) त्यांनी लगेच दोन्ही हात वर केले. वन्सं, खरं सांगते, मला इतकं बरं वाटलं की मी तोंडातला फेस तसाच ठेवून बराच वेळ उभी राहिले.

मग ते रोजचंच झालं. सकाळी उठून केस विंचरायचे, बरा स्वेटर घालायचा, आणि सज्जात जायचं. त्यांचा हात उजवीकडे गेला की माझा डावीकडे. कधीकधी ते खांद्यावरून गोल फिरवत; त्याचा अर्थ मी लावला, आज हवा छान आहे. ढगामुळे समोरचं काही दिसलं नाही की दिवस वाया गेल्यासारखा जाई आणि त्या दिवशी मैदानावर मी जरा जास्तच माणसं नापास करी. ऑफिसात जाताना मनातल्या मनात मी त्यांच्याशी बोलू लागले होते. फार काही नाही हो. आज टॉवेल उडाला, असलं.

हे माझ्या घरमालकीणबाईंच्या नजरेतून सुटलं नाही. सज्जाच्या खाली त्यांचा सज्जा, आणि त्यांना माझा हात तेवढा दिसे. आठवडाभरात अख्ख्या आळीला ठाऊक झालं की नापासबाईंचं समोरच्या डोंगरावर काहीतरी आहे. कुणी म्हणे विधुर आहे, कुणी म्हणे बायको आहे पण अंथरुणाला खिळलेली. मला कुणी काही विचारलं नाही, कारण मी जवळ होते. पण वळणावळणावरून माझ्या नावाची देवघेव ऐकू यायची. शेवटी घरमालकीणबाई वर आल्या, दारात उभ्या राहिल्या, आणि जमिनीकडे बघत म्हणाल्या की ह्या वयात सोबत लागते, त्यात वाईट काही नाही, फक्त माणूस एकदा जवळून बघून घ्यावा. मी लाजेने चूर झाले. पण रात्रभर विचार केला आणि त्यांचं शेवटचं वाक्य मला पटलं. जाऊन भेटावं. सभ्यपणे ओळख करून घ्यावी. घरातल्या मंडळींनाही भेटावं. म्हणजे आळीची तोंडंही बंद होतील. (आणि वन्सं, तुम्ही भुवया चढवल्यात ते मला इथून दिसलं. तसं काही नव्हतं. ह्यांच्यानंतर मला कुणी सकाळी हात केला नव्हता, एवढंच होतं.)

रविवारी बिस्किटांचा पुडा घेऊन निघाले, तर बस डोळ्यांदेखत गेली. स्टँडवर बेकरीवाल्याची व्हॅन उभी. त्याच्या मेहुण्याची दाढ सुजलेली, त्यामुळे तोही अडलेला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं. शेजारी परवानेवालं माणूस हवं. माझ्याकडे परवानाच काय, परवाना देण्याचा शिक्कासुद्धा आहे. बसले. गाडी सुरेख चालवतो हो. पावांच्या वासात आम्ही उतार उतरत होतो, आणि नदीच्या पुलाच्या अलीकडे, सगळ्यात अरुंद वळणावर, समोरून दुसरी बस चढत आली. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम मीच शिकवते. म्हणजे आम्ही मागे जायचं. बेकरीवाल्याने हँडब्रेक ओढला, हात मांडीवर ठेवले, आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, "बाई, ह्यात तर मी नापास आहे."

मी उतरले, वळसा घालून त्याच्या जागेवर बसले. डोंगरात आल्यापासून मी स्वतः एकदाही गाडी चालवली नव्हती, हे मला तेव्हा आठवलं. एका आरशात दरी, दुसऱ्या आरशात पाव. बसमधली माणसं बघायला उतरली, आणि त्यांत मी नापास केलेले चेहरे बरेच होते. सगळे वळणावर पांगून उभे राहिले आणि अंतर पडताच त्यांना कंठ फुटला. इतके महिने जी माणसं माझ्याशी अक्षर बोलली नव्हती, ती एका वेळी माझ्याशी बोलत होती. डावीकडे घ्या, वर घ्या, सोडा, धरा, घाबरू नका, जरा घाबरा. दरीकडे जायचं नाही एवढं एकच मनाशी धरून मी गाडी मागे घेत गेले, ती डोंगराच्या बाजूच्या चरात जाऊन बसली. मागचं एक चाक हवेत फिरत राहिलं. मग त्या लोकांनी काही न बोलता, कपाट हलवतात तशी, व्हॅन उचलून रस्त्यावर ठेवली. मी आत तशीच बसलेली होते. बस निघून गेली, तेव्हा मागच्या खिडकीतून एक आजी माझ्याकडे बघून हसल्या. चेष्टेचं हसणं नव्हतं ते. पण मला रडू आलं, आणि बेकरीवाल्याने एक मऊ, न करपलेला पाव माझ्या हातात ठेवला. पुढे तोच चालवत गेला.

निळं दार मी लगेच ओळखलं. दार उघडलं ते त्यांच्या पत्नीने. अंथरुणाला खिळलेल्या वगैरे मुळीच नाहीत. चांगल्या धट्ट्याकट्ट्या, हाताला पीठ लागलेलं. मी म्हटलं, मी समोरची. त्यांनी माझ्या खांद्यावरून समोरच्या घराकडे पाहिलं, तिथे त्यांची जाऊ राहते. मी म्हटलं, तशी समोरची नाही, डोंगरावरची. बराच वेळ कुणालाच काही कळेना. मग गृहस्थ बाहेर आले. निवृत्त बस ड्रायव्हर. उंच, भला माणूस, चष्मा जाड. सगळा जन्म ह्या वळणांवर स्टिअरिंग फिरवून त्यांचे दोन्ही खांदे आखडले आहेत, आणि डॉक्टरांनी रोज सकाळी उन्हात उभं राहून हात वर करायला, खाली करायला आणि गोल फिरवायला सांगितलं आहे. चष्मा ते तेव्हा काढून ठेवतात. आणि चष्मा असता तरी काय, वन्सं; सकाळी त्यांच्या बाजूला ऊन आणि आमचा डोंगर सगळा काळोखात. त्यांना कधी काही दिसलंच नव्हतं.

मी सगळं सांगून टाकलं. काय करणार, व्हॅन चरात जाते ती एकदाच, त्याच दिवशी उरलेलं सगळंही जाऊ दे असं झालं होतं. त्यांच्या पत्नी आधी हसल्या, मग माझ्याकडे पाहून थांबल्या आणि पीठ लागलेल्या हातानेच माझं मनगट धरून मला आत घेऊन गेल्या. चहा झाला, जेवण झालं. बेकरीवाला पाव टाकून परत आला तर त्यालाही जेवायला बसवलं. रिव्हर्सची बातमी माझ्याआधीच त्या घरात पोहोचलेली होती. गृहस्थांनी माझी अजिबात थट्टा केली नाही. ते वळण वाईटच आहे म्हणाले, आणि बेकरीवाल्याला दर रविवारी मागे जायला शिकवायचं कबूल केलं. गप्पांत दिवेलागण कधी झाली कळलं नाही. निघताना आम्ही सगळे अंगणात उभे राहिलो. समोर आमचा डोंगर. एकेक खिडकी पेटत होती, वरपासून खालपर्यंत, बघत राहावं असं. त्यांच्या पत्नीने विचारलं, तुमचं घर कुठलं? मी शिंप्याचा दिवा शोधला, तिथून वर कोंबड्यांचं छप्पर, घरमालकीणबाईंची पिवळी खिडकी, आणि तिच्या वर बोट दाखवलं. तिथे काही नव्हतं.

त्या म्हणाल्या, "ते काळोखातलं? तिथे कुणी राहत असेल असं आम्हाला कधी वाटलंच नाही."

मनात काही ठेवून बोलल्या नाहीत त्या. खरं होतं तेच बोलल्या. मी घरी असले तरी तिथे काळोखच असायचा. संध्याकाळी मी पुढच्या खोलीत, रस्त्याकडे बसते. तिथे जाणाऱ्या-येणाऱ्यांची पावलं वाजतात. मागे दिवा लावायचं मला कधी सुचलंच नव्हतं. परत येताना बेकरीवाला काही बोलला नाही, मीही नाही. इतक्या जवळ बसून बोलायची इथे पद्धत नाही.

पुढचं थोडक्यात. गृहस्थ फार सज्जन. आता मुद्दाम मला म्हणून रोज सकाळी हात करतात, चष्मा लावून. पण त्यांना आमच्या काळोखातलं घर नेमकं कळत नाही, त्यामुळे ते दोन घरं सोडून पलीकडच्या न्हाव्याच्या सज्जाकडे बघून हात करतात. न्हाव्यालाही आधी नवल वाटलं, मग तोही हात करू लागला. आता दोघांची चांगली मैत्री झाली आहे. न्हावी मागच्या रविवारी त्यांचे केस कापायला जाऊन आला. मी सज्जात उभी राहून दोघांना बघते. मध्ये हात घालणं बरं दिसत नाही. संध्याकाळी मागच्या खोलीत दिवा लावून ठेवते, त्यांच्या पत्नीला दिसावा म्हणून. गंमत अशी, की दिवा असतो त्या खोलीत मी नसते, आणि मी असते ती खोली पलीकडून दिसत नाही. बेकरीवाला रिव्हर्समध्ये पास झाला. त्याने सलाम केला आणि दुसऱ्या दिवशी मला पुन्हा करपलेलाच पाव दिला; मला वाटतं त्याच्या भट्टीतच दोष असावा. गावाने माझं नाव मात्र बदललं आहे. आता चरातल्या बाई म्हणतात. वळणावरून कुणी कुणी हाक मारून विचारतातही, काय बाई, आज रस्त्यावर का? मी वरून ओरडून उत्तर देते. जमायला लागलं आहे.

बाकी क्षेम. पाठीला तेल लावत जा. थंडीत पहाटे अंगणात जाऊ नका. शेजारच्यांना माझी आठवण सांगा, आणि ह्यांच्या फोटोवरची धूळ पुसताना काच सांभाळा, ती एका कोपऱ्यात निसटलेली आहे.

तुमची,
धाकटी वहिनी

ता. क. हे कुणाला वाचून दाखवू नका. विशेषतः चराचा भाग. खात्यात कळलं तर चौकशी लागेल, आणि चौकशीला येणाऱ्या साहेबांना त्याच वळणावरून यावं लागेल.

आणखी ता. क. स्टँडपासून माझ्या घरापर्यंत चढ आहे, हे खरं. पण वळणावळणाला बसायला कट्टे आहेत. मी परवा प्रत्येक कट्ट्यावर बसून पाहिलं, एकदा डावा गुडघा दुखतो असं समजून आणि एकदा उजवा. दोन्ही रीतींनी जमतं. शेवटचा कट्टा जरा गार आहे, तिथे उशी आणून ठेवता येईल. घरात शिरल्यावर जिना नाही, मी सगळ्यात वर राहते म्हणजेच रस्त्याला लागून राहते, हे लक्षात आलं असेलच.

शेवटचं. तुम्ही पुढच्या खोलीत बसा, मी मागच्या. किंवा उलट, तुम्ही म्हणाल तसं. कायमचं म्हणत नाही. थंडीपुरतं म्हणा, किंवा ऊन येईपर्यंत म्हणा. आदल्या दिवशी कळवलंत तरी चालेल, नाही कळवलंत तरी चुकामूक व्हायची नाही, कारण संध्याकाळच्या बसला मी रोज स्टँडवर जातेच. नुसती उतरणारी माणसं बघायला. कंडक्टर चांगला आहे, रोज विचारतो, कुणाला न्यायला आलात? त्याला काय सांगायचं ते मला सुचत नाही. माझ्या वन्सं येणार आहेत, असं सांगू का?